पिवळाच द्या

“डोळं मिटा.”

आबा हे गिऱ्हाइकाला सांगायचे ते विनंती म्हणून नव्हे, दम म्हणून. समोरचा माणूस गोंधळून डोळे मिटायचा आणि त्याच्या तळहातावर सुपारीएवढा गुळाचा खडा पडायचा. “आता खावा. बघायचं न्हाय. गूळ काय बघायची वस्तू हाय?”

शाहूपुरीत आमचं किराणा मालाचं दुकान आहे. आबा कोडोलीकडचे, स्वतःचं गुऱ्हाळ असलेले. उसाचा हंगाम सुरू झाला की टेम्पोत ढेपा घालून स्वतः यायचे, आणि माल उतरून झाला तरी हलायचे नाहीत. काउंटरपाशी स्टुलावर बसून माझ्या गिऱ्हाइकांशी भांडायचे. भांडणाचं कारण दरवेळी तेच. त्यांचा गूळ तांबूस काळा. आणि कोल्हापूरचा माणूस गुळाच्या गावचा म्हणून जिथं जाईल तिथं मिरवत असला, तरी त्याला गूळ लागतो पिवळा. चवीचं नंतर बघू, पण पिवळाच द्या.

आता सांगा, दूध आटवलं की त्याचा रंग बदलतो, कांदा परतला की तांबूस होतो, मग तासन् तास उकळणारा उसाचा रस तेवढा पिवळाधमक कसा राहील? तो राहतो, कारण काहिलीत, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईत, पांढरी पावडर पडते. कापडाचा रंग उडवायला वापरतात, ती. मापात टाकतो, असं सगळेच गुऱ्हाळवाले सांगतात. ते माप तुम्ही पाहिलंय? मी तरी नाही. हे सगळं आबा गिऱ्हाइकाला ओरडून सांगायचे. गिऱ्हाईक मान हलवायचं आणि पिवळा मागायचं.

एकदा एक बाई आल्या. पायांत पळायचे बूट, खांद्याला कापडी पिशवी. घरातून साखर हद्दपार केली आहे, प्लास्टिकही बंद केलं आहे, आता मुलांसाठी शुद्ध, नैसर्गिक गूळ हवा, म्हणाल्या. आबांनी त्यांना डोळे मिटायला लावले. खडा तोंडात विरघळला तशा त्या थबकल्याच. “अहो, काय सुंदर आहे हो हा!” मग डोळे उघडले, ढेप बघितली. “पण काळपट आहे. मुलं तोंड वाकडं करतात. त्या पलीकडच्या पिवळ्यात नैसर्गिक नाही का?”

आबा स्टुलावरून उठले. “ताई, तुमची जीभ व्हय म्हणतीया आणि डोळं न्हाय म्हणत्यात. गूळ पचवणार कशानं, डोळ्यानं?”

बाई चिडून गेल्या. जाताना पिवळा घेऊन गेल्या. आमच्या दुकानात दोन्ही असतात, त्याशिवाय दुकान चालत नाही. पण मला त्या बाईंचा आजही राग येतो. ज्याला ठाऊकच नाही त्याच्यावर रागवून काय करणार? यांना चव कळली होती.

मी आबांच्या गुऱ्हाळावर बरेचदा गेले आहे. तिथून रस न पिता कोणी पुढे गेलेलं मला आठवत नाही. सायकलवाला असो नाहीतर मोटारवाला, आबा त्याला हाक मारून थांबवायचे. रस प्यायला लावायचे, वर पानावर गरम काकवी. नको म्हणणाऱ्याला शिव्या. रस निवळायला रानभेंडीचा चीक आणि चुलवाणात जाळायला उसाची वाळलेली चिपाडं. तिसरं काही तिथं येऊ द्यायचे नाहीत.

शेजारचं गुऱ्हाळ वेगळं होतं. तिथं जुने टायर जळायचे, बुटांचे तळ जळायचे. धुराडं नुसतं काळं ओकायचं. वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी, वैरणीवर काजळी. ती वैरण म्हशी खाणार आणि त्यांचं दूध आपण सकाळी पिणार, निरसं म्हणून कौतुकानं. आबांच्या बायकोला, आम्ही त्यांना काकू म्हणतो, हंगामभर खोकला असायचा. तोंडात दम्याचा पंप मारून मग त्या भाकरी थापायला बसायच्या.

एकदा मी तिथं असतानाच आबा बांधावर गेले आणि शेजाऱ्याच्या नावानं ओरडले, “तुझा गूळ शेरातली माणसं खात्यात, आणि तुझा धूर माझी बायकू खातीया! लाज हाय का न्हाय?”

पलीकडून तो माणूस शांतपणे म्हणाला, “आबा, शेरातल्या लोकास्नी पिवळा लागतोय आणि सस्ताबी लागतोय. टायर जाळल्याबिगर मी कुठनं आणू दोन्ही?”

आबा बांधावरून माघारी वळले. त्याला उत्तर द्यायला हवं होतं ते आमच्या दुकानात पिशव्या घेऊन उभ्या असलेल्यांनी. तुम्हीही कदाचित असाल त्यांच्यात.

मग आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ऐन हंगामात. एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्याला आधीच कमी दिसायचं. धुरात जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं, म्हणून गुऱ्हाळ मुलाच्या हाती गेलं. मुलगा सरळ माणूस, बापाइतका तोंडाळ नाही. मी आबांना बघायला गेले होते, तेव्हा तो गुळाचा खडा घेऊन आत आला. पिवळा. मला दिसला. आबांना नाही.

“डोळं मिटल्यालंच हायत, आबा. खावा,” तो हसत म्हणाला.

आबांनी खडा तोंडात घातला. थोडा वेळ जीभ फिरली, मग थांबली. त्यांनी तो हातावर थुंकला.

“कुणाचा?”

“आपलाच की.”

“आपला न्हवं ह्यो.”

“आपलाच हाय, आबा. बाजारात सगळ्यात आधी ह्योच उचलला. व्यापारी म्हणलं, यंदा आबांनी नाव काढलं.” मुलाचं हसू गेलं होतं. “तुमचा गूळ समदी चाखत्यात, घेत कोण न्हाय. मी गुऱ्हाळ चालवू का बंद करू, तेवढं सांगा.”

आता घर डोक्यावर घेणार, असं मला वाटलं. आबा भिंतीकडे तोंड करून बसले होते.

“बंद कर,” ते म्हणाले. इतक्या हळू आवाजात त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

पट्टी सुटल्यावर त्यांनी माणसं लावून काहील उतरवली आणि अंगणात पालथी घातली. ऊस कारखान्याला जाऊ लागला. शेजारचं धुराडं चालूच राहिलं, उलट त्याचा धंदा वाढला. आबा त्यानंतर एकदाच दुकानात आले, रिकाम्या हातांनी. स्टुलावर बसले. समोर एकामागून एक गिऱ्हाइकं पिवळा घेऊन गेली आणि आबांनी एकालाही डोळे मिटायला लावलं नाही. माझ्याच्यानं ते बघवेना. मला त्या प्रत्येकाच्या हातातून पिशवी हिसकावून घ्यावीशी वाटली.

यंदा उन्हाळ्यात आबा झोपेतच गेले. तेराव्याला मी कोडोलीला गेले. पालथ्या काहिलीशेजारी मांडव घातला होता. पंगतीत गव्हाची लापशी वाढत होते. घरचा गूळ कधीच संपला होता, म्हणून बाजारातून आणलेला. माझ्या शेजारी बसलेला गृहस्थ आबांचा कुणी लांबचा नातेवाईक असावा. “रंग काय आलाय बघा लापशीला!” असं म्हणत त्यानं पुन्हा वाढून घेतली. वाढणारा आबांचा मुलगा होता. त्यानं मान वर केली नाही.

काकू खोकत खोकत पंगतीतून फिरत होत्या. मी घास उचलला आणि आबांनी लावलेल्या सवयीनं माझे डोळे मिटले.

“वैनी,” काकू माझ्यासमोर थांबल्या होत्या. “डोळं मिटू नगासा. आज उघड्या डोळ्यानं खावा. हेच पायजे हुतं न्हवं समद्यास्नी?”

मी डोळे उघडले. पत्रावळीवर लापशी पिवळीधमक दिसत होती.