वालावरचा मावा

गीताबाई मुलींच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात नोकरीला होत्या, तेव्हा निवडण्याचं काम कायम त्यांच्याकडं असायचं. डाळीतला खडा, फुलकोबीतली अळी त्यांच्या नजरेतून सुटत नसे. त्या रजेवर असल्या की ताटात खडा लागायचा आणि मुली म्हणायच्या, आज गीताबाई आल्या नाहीत वाटतं. हे त्या अजूनही सांगायच्या.

नोकरी संपल्यावर हर्सूलच्या घरामागच्या मोकळ्या जागेत त्यांनी वाल लावला. नवरा मोतीराम पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले. त्यांनी बांबू आणि जुन्या वायरींचा मांडव करून दिला. दर हिवाळ्यात गल्लीतल्या घराघरांत गीताबाईंच्या शेंगा जायच्या. पुण्याला असलेला मुलगा राजेंद्र आला, की परत जाताना त्याच्या पिशवीतही असायच्या.

थंडीत आभाळ आलं की वालावर मावा पडायचाच. मोहरीहून बारीक काळे किडे कोवळ्या शेंड्यांवर आणि फुलांच्या दांड्यांवर दाटीनं बसतात, रस पितात. पानं चिकट होतात, शेंडे आक्रसतात, मुंग्या येतात. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, त्यामुळं पाइप धरून वेल धुणं जमण्यासारखं नव्हतं. गीताबाई एका भांड्यात साबणाचं पाणी करायच्या, फार भरलेला शेंडा खुडून टाकायच्या आणि बाकीचे ओल्या फडक्यानं एकेक करून पुसायच्या. पानाची खालची बाजू आधी.

दोन वर्षांपूर्वी दिवाळी झाल्यावर एका सकाळी मोतीराम मांडवाजवळच तोंड धूत उभे होते. गीताबाईंनी एक शेंडा पुसला आणि त्या पुढं सरकल्या. त्याला लागूनच असलेला शेंडा माव्यानं काळाभोर होता, तो तसाच राहिला. मोतीरामांना वाटलं, विसरली असेल. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. मग कधी त्यांचा खांदा दाराच्या चौकटीला लागायचा, कधी चहा कपाच्या बाहेर सांडायचा. डोळे दाखवून येऊ, असं मोतीरामांनी एकदा म्हणून पाहिलं. चष्मा जुना झालाय, बाकी काही नाही, असं म्हणून गीताबाई आत गेल्या आणि कितीतरी दिवस नीट बोलल्या नाहीत. मोतीरामांनी तो विषय सोडून दिला.

त्याऐवजी ते दुसरंच काम करू लागले. गीताबाई सकाळी विहारात वंदनेला गेल्या, की फडकं घेऊन मांडवाखाली जायचे आणि राहिलेला मावा पुसून काढायचे. परत आल्यावर गीताबाई वेलावरून समाधानानं हात फिरवायच्या. तो हिवाळा असाच गेला, त्याच्या पुढचाही.

यंदा मोतीरामांची कन्नड गावची बहीण वारली. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होईपर्यंत ते तिकडंच राहिले. इकडं आभाळ भरलेलंच होतं. ते परत आले तेव्हा वेलाचा एकही शेंडा हिरवा नव्हता. पानं चिकट्यानं चकाकत होती, शेंगांवर काजळी धरली होती. गीताबाई मांडवाखाली उभ्या होत्या.

"बगा," त्या म्हणाल्या, "तुम्ही नव्हता तरी मावा ठिवला नाय म्या."

शेजारची रूपा भिंतीपलीकडं कपडे वाळत घालत होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती म्हणाली, "काकू, पण तुमचा वेल तर सगळा काळा पडलाय की."

गीताबाईंनी हात वर करून एक शेंडा बोटांत धरला. बोटं चिकटली. त्यांनी दुसरा धरला, तिसरा धरला. मग तिथंच मातीत खाली बसल्या.

दवाखान्यात काचबिंदू निघाला. तो दुखत नाही, आधी कडेची नजर खातो, म्हणून माणसाला लवकर कळत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं. त्रास कधीपासून आहे, असं त्यांनी विचारलं. महिना झाला असेल, असं गीताबाई म्हणाल्या. मोतीराम खुर्चीच्या कडेवर बसले होते. हळू आवाजात ते म्हणाले, "नाय. दोन दिवाळ्या झाल्या. तिच्याकडून ऱ्हायलेला मावा मीच पुसत व्हतो."

डॉक्टरीणबाईंनी ते कागदावर लिहून घेतलं. गेलेली नजर परत येणार नव्हती, उरलेली थेंबांनी सांभाळायची होती. तेव्हाच आला असता तर बरीच वाचली असती, एवढंच त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर गीताबाईंनी चप्पल काढली, भिंतीला हात लावत पलंगापर्यंत गेल्या.

"मला सांगितलं का नाय?"

"तुला वाईट वाटंल म्हणून."

"वाटलं असतं," त्या म्हणाल्या. "पण दिसलं असतं."

रोज सकाळ-संध्याकाळ ते बायकोच्या डोळ्यांत थेंब घालू लागले. त्या मान वर करून बसायच्या, थेंब पडला की डोळे मिटून घ्यायच्या. पूर्वीसारखं काही सांगत नसत, विचारतही नसत. डाळ निवडायला घेणं त्यांनी सोडलं. राजेंद्रचा फोन आला की, बरं आहे, म्हणायच्या आणि फोन नवऱ्याकडं द्यायच्या.

मोतीरामांनी वेलाचे आक्रसलेले शेंडे कापून टाकले. कडुनिंबाचा अर्क आणून पुन्हा पुन्हा फवारला. जानेवारीत नवी पालवी आली, थोडी फुलंही धरली. एका सकाळी ते गीताबाईंना हाताला धरून मांडवाखाली घेऊन गेले.

"मावा गेला बग," ते म्हणाले. "समदं साफ हाय."

ते खरं होतं. गीताबाईंनी पान बोटांवर घेतलं, चोळलं, वास घेतला. मग भिंतीकडं तोंड करून हाक मारली, "रूपा, जरा येऊन बगती का गं?"

रूपा आली. तिनं पानं उलटी करून पाहिली आणि म्हणाली, "हो काकू, स्वच्छ आहे." गीताबाईंनी मान हलवली आणि तिचा हात धरून घरात गेल्या. मोतीराम फवाऱ्याची बाटली घेऊन तिथंच उभे राहिले.