दुधाखालचा लाल आकडा

अकरा फेब्रुवारी, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. प्रयोगशाळेत लवकर पोहोचायचे म्हणून मी वाघोलीच्या खोलीला कुलूप लावत होते, तेव्हा काकांचा, म्हणजे कुंदाआत्याच्या यजमानांचा, फोन आला. "अगं, आत्या गेली तुझी," एवढेच ते म्हणाले... मेंदूत रक्तस्राव, पहाटे, झोपेतच. कुंदाआत्या छप्पन्न वर्षांची होती आणि तिच्या दहावीच्या मुलींची परीक्षा तोंडावर आली होती.

पुढे भेटायला आलेल्या एका नातलग बाईंनी, शनिवार पेठेतल्या आत्याच्या घरात, चहाचा कप खाली ठेवता ठेवता निदान करून टाकले. "जवस खाऊन का असली दुखणी जातात? वेळेवर गोळ्या घेतल्या असत्या तर आज..." मी म्हणाले, "पहिली गोष्ट, ते दुखणं नव्हतं. दुसरी, रक्तस्रावाशी त्याचा संबंध नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. तिसरी तुमचा चहा झाल्यावर सांगते." तिसरी ऐकायला त्या थांबल्या नाहीत, म्हणून ती येथे लिहिते आहे.

आत्या मुलींच्या शाळेत गणित शिकवत असे. पाळी थांबण्याच्या सुमारास दिवसातून अनेकदा तिच्या अंगातून वाफ उसळल्यासारखे होई, ब्लाउज भिजे, रात्रीची झोप मोडे. एकदा फळ्यासमोरच तसे झाले, तेव्हा खडू खाली ठेवून तिने सांगितले, "मुलींनो, माझी पाळी थांबते आहे, म्हणून अंग तापतं. दोन मिनिटांत उतरेल. तोवर प्रमेय पूर्ण करा." मुलींनी प्रमेय पूर्ण केले. मुख्याध्यापकांपर्यंत मात्र फक्त घाम पोहोचला. त्यांनी बोलावून काळजीच्या सुरात विचारले, "मॅडम, तब्येत सांभाळा. पुढच्या वर्षी दहावी एखाद्या तरुण बाईंकडे देऊ या का?" आत्या म्हणाली, "सर, घाम मला येतो. मुलींना गणित येतं. अडचण नक्की कोणाला आहे?" घरी आल्यावर मात्र तिचा आवाज खाली आला होता. "वर्ग काढून घेतील गं," ती म्हणाली. दहावीवाचून ती स्वतःला शिक्षिका मानत नसे.

गोळ्यांचा विचार तिने केला नव्हता, असे नाही. पूर्वी तिच्या पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. त्यामुळे हार्मोनच्या गोळ्या नकोत, असा निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी तपासून दिला होता. उरले खाणेपिणे आणि दिनचर्या. उत्साहाच्या भरात तिने एकाच सोमवारी जवस, सोयाबीन, पर्वती चढणे, दीर्घश्वसन, सगळे सुरू केले, आणि मी शहाणपणा केला: "सगळं एकदम बदललंस, तर कशाचा उपयोग झाला ते कळणार कसं?" तिला ते तत्काळ पटले. एका वेळी एकच बदल, आणि रोजची नोंद. नोंदीसाठी तिने स्वयंपाकघरातले भिंतीवरचे कॅलेंडर निवडले. त्या चौकोनांत दुधाचा हिशेब निळ्या शाईने लिहिलेला असे. त्याखाली तिने लाल आकडा घालायला सुरुवात केली.

काकांना हे कोणी सांगितले नव्हते. एका सकाळी त्यांनी दूधवाल्याला दारातच धरले. "काय हो, काल नऊ पिशव्या टाकल्यात?" तो म्हणाला, "काका, नऊ टाकल्या असत्या तर तुम्ही दारातच दुधाने आंघोळ केली असती." आतून आत्याचा आवाज आला, "अहो, सोडा त्याला. ते दूध नाही, मी किती वेळा उतू गेले ते आहे!" दूधवाल्याने मान खाली घातली. आत्याने घातली नाही.

जवसाने आकडा हलला नाही. चटणी चवीला बरी म्हणून टिकली. दुपारी चारचा चहा बंद केल्यावर आकडा उतरला. पर्वतीच्या पायऱ्यांनी झोप सुधारली आणि, काकांच्या मते, घरातले हवामानही. सुती ब्लाउज आणि संथ श्वास वर्गात कामी आले. मी पुन्हा आक्षेप घेतला: एकच व्यक्ती, तुलनेला दुसरे कोणी नाही, आणि काळानुसार हे आपोआपही ओसरते. ती म्हणाली, "असेल. मला शोधनिबंध नाही लिहायचा, बाई, मला भूमिती शिकवायची आहे." आणि तिने ती शिकवली. शाळेच्या नव्या वर्षाच्या सुरुवातीला मुख्याध्यापकांनी पुन्हा विषय काढला, तेव्हा तिने सरळ विचारले, "माझ्या शिकवण्यात काय कमी आहे, ते लेखी द्याल का?" त्यांनी दिले नाही. दहावी तिच्याकडेच राहिली, शेवटच्या दिवसापर्यंत.

हीच ती तिसरी गोष्ट. आत्या बरी व्हायला निघालीच नव्हती. तिला स्वतःच्या जागेवर उभे राहायचे होते. शून्य हे तिचे ध्येय नव्हते, आणि शून्य एकदाही आले नाही.

काकांनी फेब्रुवारीचे पान अजून उलटलेले नाही. परवा मी तिथे उभी होते... दहा तारखेच्या चौकोनात वर निळ्या शाईत एक लिटर, आणि खाली, फळ्यावर लिहावे तसा ठसठशीत, लाल: दोन.