भट्टीच्या विटांवर पाणी
हिवाळ्यात पहिल्यांदा ओफन, म्हणजे इथली लाकडाची शेगडी, पेटवला, की भाजल्या मातीचा वास येतो आणि एका वर्षी माझ्याकडे न्युरेम्बर्गला आलेले वडील आठवतात. स्वेटरवर शाल, शालीवर माझं जॅकेट घालून ते त्या लोखंडी शेगडीला चिकटून बसायचे. लाकडं विझली की ती लगेच गार. "इथे राहतात कशी रे माणसं? माझं परतीचं तिकीट अलीकडचं कर," म्हणायचे. त्यांना थांबवायचं म्हणून ऊब धरून ठेवणाऱ्या भट्टीच्या विटा मी मातीने लिंपून शेगडीला आतून बसवल्या आणि पुण्यात घर बांधताना सिमेंटवर पाणी मारताना पाहिलेलं आठवून सकाळ-संध्याकाळ तांब्याने त्यांच्यावर पाणी मारलं. "हात आखडू नकोस, पक्कं होऊ दे," शालीतून हुकूम यायचा. पेटवल्यावर खोलीभर वाफ झाली आणि सगळे सांधे फुटले. लिंपायच्या मातीच्या पिशवीवर 'पूर्ण वाळू द्या' असं ठळक जर्मनमध्ये छापलेलं माझ्यातल्या इंजिनिअरने त्यानंतर वाचलं. वडील खोकला लागेपर्यंत हसले. पण पुन्हा लिंपून वाळेपर्यंत शेगडी बंद, आणि तो गारठा सोसेना म्हणून ते भारतात परत गेले. फोनवर पहिला प्रश्न नेहमी एकच, "वाळल्या का रे विटा?" पुढच्या हिवाळ्याआधीच ते गेले. वाळल्या, बाबा. सकाळीसुद्धा कोमट असतात. पाठ शेकत मी एकटाच बसतो.