समोरच्या दुकानातले बॉस

बॉस कुणाला नाव विचारत नसत. नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न, "होस्टेलले होते का?" तो हो म्हणाला की दुसरा, "कोणता ब्लॉक?" पुढचं बोलणं होईपर्यंत चहा आलेला असे. अकोल्याचं शेतकी कॉलेज सोडून त्यांना कितीतरी वर्षं झाली होती, पण ज्युनिअर पोरांनी दिलेलं हे नाव अमरावतीत इतकं चाललं की वहिनीसुद्धा त्यांना बॉसच म्हणत.

त्यांचं कृषी केंद्र, म्हणजे बी-खताचं दुकान, माझ्या कृषी केंद्राच्या अगदी समोर. मी बारावी नापास. खताची पोती उतरवता उतरवता दुकानापर्यंत आलो, आणि ऑटोचं भाडंसुद्धा पाडून घेतल्याशिवाय कधी दिलं नाही. बॉस भाव करत नसत. ते फोन करत. बँकेतले साहेब होस्टेलचे, कृषी खात्यातले होस्टेलचे, अकोटच्या कापसाच्या जिनिंगचा मॅनेजर तर मेसमध्ये त्यांच्याच पंगतीला बसलेला. फोनवर एवढंच, "आपला माणूस पाठवून राहिलो." काम होऊन जाई. मला ते रस्त्याच्या अलीकडे ऐकू येई आणि जेवण गोड लागत नसे.

एका बियाणे कंपनीच्या एजन्सीसाठी मी अकोल्याला खेटे घातले. कमिशनवर घासाघीस करून सौदा जमवत आणला. कंपनीचा माणूस दुकान बघायला आला, पान खायला रस्ता ओलांडून गेला आणि बॉसच्या नजरेस पडला. तोही होस्टेलचाच निघाला. एजन्सी तिकडेच राहिली. मी भर रस्त्यात ओरडलो. बॉस शांतपणे म्हणाले, "चिडता कावून शेठ? तुमी होस्टेलले असते तर तुमालेच भेटली असती." खोटं बोलले असते तर मी भांडलो असतो.

पण पुढच्याच वर्षी माझी बायको दवाखान्यात होती आणि रक्त मिळत नव्हतं, तेव्हा चार अनोळखी पोरं बाह्या वर करून उभी राहिली. मी हात जोडले. एक जण म्हणाला, "काका, आमाले काय म्हणता? बॉसचा फोन होता." बायको वाचली. उपकार मात्र माझ्या नावावर कुणी केलेच नव्हते.

तेव्हाच ठरवलं, ही चीज आपल्या घरात आली पाहिजे. मुलाला, निखिलला, त्याच कॉलेजात, त्याच होस्टेलला घातलं. निघताना बॉसनी त्याला समोर बसवून सांगितलं, "मेसमध्ये एकट्यानं जेवायचं नाही. ज्युनिअरले चहाचे पैसे देऊ द्यायचे नाहीत. आपल्या माणसाचा फोन आला का आधी हो म्हणायचं, काम मंग विचारायचं." मी पोराला इतकी वर्षं धंदा शिकवला, त्यातलं त्यानं काही ध्यानात ठेवलं नाही. हे ठेवलं. शिक्षण संपवून परतला तेव्हा आधी बॉसच्या पाया पडला, मग रस्ता ओलांडून माझ्याकडे आला.

यंदा बॉसचे गुडघे गेले आणि मुलीनं त्यांना नाशिकला बोलावलं. त्यांच्या कोपऱ्यावरच्या दुकानावर माझा डोळा जुनाच. काय सांगायचं, कुठे अडायचं, कधी रागावून उठायचं, सगळं ठरवून गेलो.

"बोला बॉस, काय घेता?"

"कशाचं?"

"दुकानाचं."

"ते झालं ना शेठ. निखिल पाहीन आता. जमन तसे तो पैसे देईन."

"मले न विचारता? बाप मी आहो त्याचा."

"होस्टेलच्या कामात बाप कुठून आला?" बॉस हसले आणि माझ्यासाठी चहा सांगितला.

जो माणूस काही मागतच नाही, त्याच्याशी घासाघीस कशावर करायची? मला हवं ते दुकान माझ्या घरात आलं होतं, आणि ते मी मिळवलं असं मला कुणाला सांगता येत नव्हतं. चहा पिऊन परतलो. चहा चांगला होता. त्यांच्याकडे नेहमीच चांगला असे.

बॉस निघाले त्या दिवशी बडनेरा स्टेशनवर सगळं होस्टेल जमणार होतं. निखिलनं समोरच्या दुकानाचं शटर ओढलं आणि माझ्या दारात येऊन विचारलं, "बाबा, येता का?"

"नाही. गिऱ्हाईक येईन."

सौद्यात पहिला नकार कुणी खरा धरत नाही. मी बूट घालूनच बसलो होतो. निखिल "बरं" म्हणाला आणि गाडी काढून निघून गेला.