पिराजीची तिथी

हंबीररावाबरोबर युद्धाचा माहितीपट बघायला बसणं ही शिक्षा आहे, आणि ती मी सहा वर्षं भोगतोय. पडद्यावर रणगाडा आला रे आला की हा उठतो, चित्र थांबवतो आणि ओरडतो, "मास्तर, ह्यो रणगाडा त्या साली जल्मालाच आला नव्हता! कायबी दाखवत्यात!" मग तो पुस्तक शोधतो, पान काढतो, मला वाचून दाखवतो. तोवर चहाचं पाणी होतं.

हा साखर कारखान्यातला निवृत्त फिटर, मी शाळेतला निवृत्त मराठीचा मास्तर. कोल्हापुरात आमची दारं समोरासमोर. दर रविवारी हा मोबाइलवर बोलून युद्धाच्या गोष्टींचा पॉडकास्ट टाकतो आणि त्याचं लिहिलेलं तपासायचं काम फुकटात माझ्या गळ्यात. ऐकणारी माणसं शंभरेक, त्यात निम्मे भाऊबंद. पण चुकीची तारीख त्याला खपत नाही. एका व्याख्यानात भर सभेत उठून त्यानं पाहुण्याची तारीख दुरुस्त केली होती. लाज मला वाटली, त्याला नाही.

या वेडाच्या मुळाशी एकच माणूस आहे. पिराजी, हंबीररावाच्या आजोबांचा धाकटा भाऊ. कोडोलीतून दुसऱ्या महायुद्धात पलटणीबरोबर गेला आणि परत आला नाही. मेल्याचा सरकारी कागद आला होता म्हणे, पण तो कागद कुठं गेला ते कुणाला ठाऊक नाही. गावात न परतलेला प्रत्येक जवान बर्म्यात गेला असंच धरतात, म्हणून हंबीररावानं वीस वर्षं बर्म्याची पुस्तकं आणि फिल्मा पालथ्या घातल्या.

पिराजीला एकच मुलगी, बनाबाई. घरजावई करून घेतलेला, त्यामुळं ती अजून बापाच्याच घरात आहे. वय ऐंशीच्या वर. सून संयोगिता रविवारी मोबाइल लावून देते आणि ही लसूण सोलत भाच्याचं युद्ध ऐकते. बापाची तिथी माहीत नाही, म्हणून पितृपक्षात त्याचा म्हाळ सर्वपित्रीला, सगळ्या राहिलेल्यांबरोबर. एकदा ती मला म्हणाली होती, "माझा बाप मेला गर्दीत, आन जेवतोयबी गर्दीतच."

बापाचं तिच्याकडं काही नाही. फोटो नाही, बिल्ला नाही. आहे ती एक गोष्ट, आईनं सांगितलेली. मुलगी झाल्याचं पत्र पलटणीत पोचलं तेव्हा पिराजीनं साऱ्या जवानांना गूळ वाटला आणि उलट टपाली कळवलं, पोरीचं नाव बना ठेवा. ही गोष्ट तिनं मला किमान दहा वेळा सांगितली असेल, आणि दर वेळी गूळ वाटताना तिचा हात हलायचा.

ऑगस्टात हंबीररावानं इटलीतल्या लढाईवरचं एक जाडजूड पुस्तक मागवलं. मागं मृतांची यादी होती. त्यात पिराजी, गाव कोडोली, १० डिसेंबर १९४४. हा असा ओरडला की खालचा दुकानदार जिन्यानं वर आला. त्या सालचं पंचांग काढून बघितलं, मार्गशीर्ष वद्य दशमी. त्याच रविवारी यानं जाहीर करून टाकलं, "फुडच्या रविवारी आमच्या पिराजीआज्याची खरी तारीख सांगतो."

सोमवारी मी लिखाण तपासायला घेतलं आणि बोटांवर महिने मोजले. बनाबाई पंचेचाळीसच्या भोगीला जन्मली. दर भोगीला आम्ही तिच्याकडं बाजरीची भाकरी खायला जातो, त्यात चूक होणं शक्य नाही. म्हणजे बाप गेल्यावर महिन्यानं.

"हंबीरराव," मी म्हणालो, "मग गूळ कुणी वाटला?"

त्यानं पुस्तक पुन्हा उघडलं, यादीवर बोट ठेवलं आणि तारीख पुन्हा वाचली.

पुढचे पाच दिवस त्याचे आणि माझेही वाईट गेले. सकाळी गच्चीवर त्याच्या फेऱ्या. माहितीपट लावायचा आणि दहा मिनिटांत बंद करायचा. गुरुवारी तर चुकीचा रणगाडा समोरून गेला आणि हा गप्प. मला तेव्हा खरी काळजी वाटली.

शेवटी मीच म्हणालो, "दोन महिने पुढं ढकल की तारीख. कोण तपासायला येतंय?"

"मास्तर, तारीख खोटी सांगितली तर म्हाळ खोट्या तिथीला पडंल. पुन्ना उपाशीच की त्यो."

"आणि खरी सांगितलीस तर म्हातारीचा बाप काढून घेशील तिच्याकडून."

"म्हाईत हाय!" तो माझ्यावर खेकसला. "त्येच तर म्हाईत हाय!"

मलाही राग आला. खऱ्याची एवढी हौस असलेल्या माणसाचा मला त्या दिवशी मनापासून राग आला. तरी शनिवारी कोडोलीला जाताना त्याच्या स्कूटरवर मागं मीच बसलो. तिनं पॉडकास्टवर ऐकण्यापेक्षा आपण तोंडावर सांगायचं, एवढं ठरलं होतं. वाठारपासून वारणानगरपर्यंत त्यानं तीनदा स्कूटर थांबवली. पेट्रोल बघितलं, चाक बघितलं, तिसऱ्यांदा काय बघितलं त्याचं त्यालाच माहीत.

बनाबाई सोप्यात शेंगा फोडत होती. हंबीरराव तिच्यासमोर खालीच बसला आणि पुस्तक मांडीवर ठेवून एका दमात सगळं सांगून मोकळा झाला. इटली, डिसेंबर, दशमी.

तिचा हात थांबला. मग अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरला. मार्गशीर्ष, पौष, भोगी. पुन्हा पहिल्यापासून फिरला.

"आत्ती, चूक माझी. मी शोधायलाच नगं हुतं," हंबीरराव म्हणाला. 

"गप." तिचे डोळे भरले, ते तिनं पुसले नाहीत. "म्हंजे गूळ आईनंच वाटला म्हणायचा, मनातल्या मनात. किती झाक सांगायची रं ती!" मग तिनं संयोगिताला हाक मारली. "अगं, ह्या वर्सापास्नं म्हाळ दशमीला. लिवून ठेव."

रविवारी हंबीररावानं काही टाकलं नाही. लोकांनी विचारलं तेव्हा म्हणाला, घरचं काम निघालं.

पितृपक्षातल्या दशमीला आम्ही दोघं कोडोलीत होतो. वडे, खीर, भाज्या, सगळं पानभर वाढलं होतं. बनाबाईनं त्या पानावर स्वतःच्या हातानं गुळाचा खडा ठेवला. पान कौलावर ठेवायला तिचा मुलगा निघाला, तर तिनं त्याच्या हातातून घेतलं. शिडी चढवेना, म्हणून परसातल्या गोठ्याच्या खुज्या छपरावर ठेवलं. अंगणात सगळे कावळ्याची वाट बघत उभे होते. तिनं पदर सारखा केला, हात जोडले आणि त्या पानाला मोठ्यांदा सांगितलं, "आबा, पोरगी झाली तुमाला. भोगीच्या दिशी. मीच की ती."