काकूच्या कुडामागचा पाचोळा

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही, देवापुढे उभी राहिले तरी दुसरंच काहीतरी मागून परत फिरते. तुला सांगते — तू कोण ते मला ठाऊक नाही, म्हणूनच सांगता येतंय बहुतेक. माझी शाळा चौथीपर्यंत. चारचौघांत बोलायची वेळ आली की मी मागे सरते. लिहिताना निदान कोणी तोंडाकडे बघत नाही.

आमची वाडी निडी गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराला टेकून. भातकापणी झाली की वरचं गवत वाळतं आणि शिमग्याच्या मागेपुढे कधीतरी वणवा खाली उतरतो. कोण लावतं ते कळत नाही. म्हणून प्रत्येक घराभोवती पट्टा करायचा — दहा-बारा पावलं गवत कापायचं, पाचोळा झाडायचा, लाकडं नि पेंढा लांब न्यायचा, भुई उघडी पाडायची. आग उघड्या भुईशी आली की तिला पुढे खायला काही राहत नाही. हे काम बायकांचं, आणि ज्या घरचा पट्टा त्या घरच्या बाईने करायचा. माझा पट्टा बघून बायका म्हणायच्या, "सुमनच्या पट्ट्यात पानाबिगर जेवाय बसावं गो!" मी खाली बघायची. पण आवडायचं मला. एवढं एकच कौतुक माझ्या वाट्याला यायचं.

शेजारी हिराकाकू. एकटी. कारवीच्या काठ्यांच्या कुडाचं घर, एक शेळी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तीही तिचा पट्टा करायची — बसून, हाताने चाचपत, पुढे सरकत. चार दिवस लागायचे तिला. पण करायची. मी बघितलं आहे. हे लक्षात ठेव.

आता पाचोळ्याचं. तो आम्ही फेकत नाही. राब भाजायला लागतो — भाताचं बी पेरायचं त्या तुकड्यावर पाऊस येण्याआधी शेण नि पाचोळा पसरून जाळायचा, मग रोप जोमाने येतं. माझा राबाचा तुकडा ओढ्यापलीकडे. त्या वर्षी पाट्या वाहून वाहून मान भरून आली, आणि उरलेला सगळा पाचोळा मी काकूच्या घरामागे, कुडाला लागून ओतला. कमरेएवढा ढीग झाला. तो वाटेवरून दिसत नव्हता. काकूला तर दिसणारच नव्हता. माझ्याच पट्ट्यात ठेवला असता तर बायका काय म्हणाल्या असत्या? दोन दिवसांत उचलीन, म्हटलं. मग पेणला भाचीची हळद निघाली, मी चार दिवस तिकडेच राहिले. आल्यावरही उद्या-उद्या करत राहिले.

इथवर चूकच म्हणता येईल, नाही का? मीही स्वतःला बरीच वर्षं इथवरच सांगत आले.

आग दुपारी आली. आधी माथ्यावर धूर दिसला, मग तडतड ऐकू यायला लागली. बरेचसे पुरुष धाटावला कंपनीत, शिफ्टला — माझा नवराही. होते नव्हते ते हिरवे डहाळे घेऊन वर धावले. काकू ओढ्यावर गेली होती. मी काकूच्या घरामागे पळाले. ढिगापाशी उभी राहिले. वेळ होता — हे लिहायलाच हवं — वेळ होता. चुलीवर भात ठेवला असता तर शिजून उतरला असता, एवढा वेळ होता. हातांनी ओढला असता तरी तो ढीग निघाला असता.

तेवढ्यात वरच्या आळीचा नामादादा आणि दोघी-तिघी बायका त्याच अंगाच्या वाटेने येताना दिसल्या. मी पाचोळा बाहेर ओढताना त्यांनी पाहिलं असतं. कोणीतरी विचारलंच असतं — कोनाचा गो हा? आणि मला बोलावं लागलं असतं.

मी घरी गेले. माझ्या पडवीवर पाणी मारत राहिले.

शेळी दाव्याला होती. तिला तरी सोडायची होतीस, असं तू म्हणशील. हो.

सगळ्या वाडीचे पट्टे टिकले. जळलं ते एकच घर — ठिणगी उडून त्या ढिगात पडली. संध्याकाळी माणसं काकूभोवती जमली तेव्हा नामादादा म्हणाला, "म्हातारीची नजर गेली, पट्टा गेला, आता घर पन गेला." कोणीतरी हसलं. काकू धगीकडे तोंड करून बसली होती. ती म्हणाली, "माज्याच हातनं ऱ्हायला असंल रे. दिसत नाय ना मला." मी तिच्यापासून चार हातांवर उभी होते. एक वाक्य होतं. तेवढंच बोलायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी खराटा-पाटी घेऊन तिच्या घरामागे गेले. तिथे राख इतकी जाड पडली होती की कोणी पाय घातला असता तर त्याला कळलं असतं — ही झाडून राहिलेल्या चार पानांची राख नाही. मी ती भरली. बायका म्हणाल्या, बघा, शेजारीण असावी तर अशी. आणि मी ती राख ओढ्यापलीकडे नेऊन माझ्या राबाच्या तुकड्यावर पसरली. टाकून कशाला द्यायची, असंही मनात आलं होतं — खोटं कशाला लिहू? त्या वर्षी माझं रोप वाडीत सगळ्यांत दाट आलं.

काकूला तिची लेक आपल्या गावी, अष्टमीला, घेऊन गेली. शेजारी आता नुसता चौथरा आहे. नवरा शिफ्टला गेला की हाक मारायला कोणी नाही. मी दरवर्षी माझ्या घराचा पट्टा करते आणि त्या चौथऱ्याचाही. तिथे जळण्यासारखं काही उरलेलं नाही.

नवीन तांदूळ झाले की पायलीभर घेऊन मी अष्टमीला जाते. त्या वर्षीचेही नेले होते, त्याच राखेतले. काकू ते हाताने चाचपते, हुंगते, लेकीला म्हणते, बघ, माझी शेजारीण विसरली नाय. आता तिला अजिबात दिसत नाही. यंदा निघताना तिने माझं मनगट धरून ठेवलं.

"पट्टा केलास का गो?"

"व्हय काकू."

"नीट करत जा. माज्यासारकी चुकू नको."

मी म्हटलं, "नाय चुकायची."