काकू बसली की सेल्फ उठेना

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. कुणी सांगायला लागलं की मी चेष्टा करायचो. मी बनारसला रेल्वेत इलेक्ट्रिकल सुपरवायझर आहे. बंद इंजिन का बंद आहे हे शोधणं, यावरच माझं घर चालतं. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय...

आईवडील लवकर गेले. मला काका-काकूंनी वाढवलं, इथेच, मंगला गौरीच्या देवळाजवळच्या गल्लीत. काका गेल्यावर काकूने क्षेत्रसंन्यास घेतला – म्हणजे मरेपर्यंत काशीची हद्द ओलांडायची नाही. माझं लग्न भुसावळला झालं, तेही तिने फोनवर पाहिलं. तेव्हा मी चिडलो होतो, खोटं कशाला बोलू.

गेल्या हिवाळ्यात तिच्या हृदयाची झडप निकामी होत असल्याचं कळलं. ऑपरेशन लगेच हवं होतं, आणि बनारसमध्ये लवकरची तारीख नव्हती, म्हणून लखनौला. ती ऐकेना. मी दोन दिवस जेवलो नाही, हट्टी मीही तिच्याइतकाच. शेवटी म्हणाली, "तुझं मन मोडण्यापेक्षा माझा नेम मोडू दे." निघायच्या आदल्या संध्याकाळी तिला काशीच्या हद्दीतल्याच रेल्वे कॉलनीत माझ्या क्वार्टरवर आणलं. माझ्या कारमधून, वाटेत काही न अडता.

सकाळी सात वाजता काकूला मागे बसवलं, किल्ली फिरवली... काही नाही. साधी टिक्क नाही. हेडलाइट लख्ख, हॉर्न खणखणीत. मीटर लावला – बॅटरी साडेबारा व्होल्ट. टर्मिनल घासले. रिले बदलला. चार शेजाऱ्यांनी ढकलली, दुसऱ्या गिअरवर क्लच सोडला, चाकं घासली पण इंजिन गप्प. मग मुन्ना मिस्त्रीला बोलावलं. गाडीखाली आडवा होऊन तो म्हणाला, "साहब, सेल्फ तक करंट पूरा आ रहा है, फिर भी सेल्फ उठ नहीं रहा. ऐसा तो होता नहीं."

तासभर बसून काकूची पाठ अवघडली, म्हणून तिला खुर्ची आणून उन्हात बसवलं. मुन्नाने सहज किल्ली फिरवली. अर्ध्या फिरकीत गाडी सुरू!

सगळे हसले. काकूचा पाय आत पडला आणि इंजिन बंद.

सीटखालची वायर दबत असेल म्हणून मुन्ना तिच्या जागी बसला – गाडी सुरू. काकूला पुढे बसवलं – बंद. एकेक गोष्ट बदलून पाहायची, ही आमची रीत. शेवटी बदलायला फक्त काकू उरली.

मी खिशातून फोन काढला. "मी ॲम्ब्युलन्स बोलावतो," म्हटलं.

"दुसऱ्याची गाडी कशाला बंद पाडतोस?" काकू हसून म्हणाली. मग माझा हात धरला. "किती परेशान होशील रे बेटा? मी तर निघाले होते ना? आता मला घरी सोड."

तिला पुन्हा मागे बसवलं. तिच्यासमोर रडू नये म्हणून मी पटकन पुढे बसलो आणि किल्ली फिरवली.

गाडी सुरू झाली.

मुन्नाने कानाला हात लावला आणि दोन पावलं मागे सरला. मी गेटपर्यंत आलो. डावीकडे लखनौचा रस्ता, उजवीकडे शहर. मी उजवीकडे वळलो. आरशात काकूने डोळे मिटलेले दिसले.

अकराव्या दिवशी ती गेली. घरीच, दुपारी, गंगाजल घेऊन. शेजारच्या बायका म्हणाल्या, काय भाग्याचं मरण! मला मात्र अजून तिच्या त्या खोलीत उभं राहवत नाही.

गाडी वर्कशॉपमध्ये दोनदा उघडून घेतली. दोष नाही. त्यानंतर एकदाही अडली नाही. परवाच मी तिच्यातून लखनौला जाऊन आलो.

पण गेटपाशी इंजिन चालू होतं. टाकी भरलेली, डॉक्टरांचा कागद खिशात, काकू मागे बसलेली. डावीकडे वळलो असतो तर गाडी बंद पडली असती, की चालली असती? हाताखालच्या लोकांना मी रोज बजावतो, दोष शोधताना एकही टेस्ट सोडायची नाही. ती एक मी सोडली.